ढेकियामुख कुठं आहे

तुम्ही एक अख्खं गाव गिळलंत. नदीनं गिळली ती नुसती जमीन. नदीचा तो धर्मच आहे, इथं गिळते आणि तिकडं ओकते. पण माणसं, त्यांच्या चुली, त्यांची डुकरं, बदकं, त्यांच्या दिवस भरलेल्या बायका, हे सगळं तुम्ही गिळलंत, तेही पंख्याखाली बसून, एका ओळीत, आणि वर साधा ढेकरसुद्धा दिला नाहीत.

असलं काहीतरी डॉक्टर निजरा हंदिकैला उभं राहून ओरडायचं होतं. गुवाहाटीच्या कोर्टात ती आपल्या वकिलाच्या मागच्या बाकावर बसली होती, आणि समोर निवड समितीचे वकील चष्मा सावरत वाचत होते: अर्जदार डॉक्टरनं ढेकियामुख नावाच्या चापोरीवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, सलग तीन वर्षं सेवा केल्याचा दावा केलेला आहे, परंतु सदर गाव त्यांच्या नेमणुकीनंतर वर्षभरातच ब्रह्मपुत्रेत वाहून गेलं, सबब सदर गाव अस्तित्वात नाही, सबब पुढल्या दोन वर्षांची सेवाही अस्तित्वात नाही, सबब प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या, दुर्गम भागातल्या सेवेसाठी राखीव जागेस अर्जदार अपात्र. ओरडण्यासाठी तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते हसू. खळखळून, निर्लज्ज, नदीकाठी बायका हसतात तसलं. समितीच्या वकिलांचं बोट ओळीवर तसंच राहिलं. तिचा वकील राजखोवा, बिचारा नवा कोरा पोरगा, ज्यानं काल सांजवेळी तिला तीनतीनदा बजावलं होतं, ''बाइदेउ, काहीही होवो, तुम्ही तोंड उघडायचं नाही,'' तो मागं वळून असा पाहत होता की जणू तिनं त्याच्या डगल्यावर चहा सांडलाय.

न्यायमूर्ती बाई होत्या, वयस्क, केस पांढरे. त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवली आणि सरळ आसामीत विचारलं, ''डॉक्टर, हसण्यासारखं काय झालं? आम्हालाही सांगा. सकाळपासून इथं कुणी हसलेलं नाही.''

निजराला सांगायचं होतं, पण हसू आवरेना. कारण त्या बाई विचारत असतानाच निजराच्या पाठीमागं, शेवटच्या दोन बाकांवर, ते अस्तित्वात नसलेलं गाव दाटीवाटीनं बसलं होतं आणि त्यातलं कुणीतरी, बहुतेक तिची तिथली मैत्रीण जुनमतीच, आपल्या मते अगदी हळू आवाजात म्हणत होतं, ''इथं जेवायला कधी सोडतात गं?'' त्या बाकांवरून भिजलेल्या गामोछाचा, तामूलचा, म्हणजे सुपारीचा, आणि सुकवलेल्या मासळीचा वास येत होता. त्या वासानं ती एकदम चापोरीवर जाऊन पोचली. हे असंच व्हायचं तिचं. जोरहाटला आईबापांच्या घरी, पक्क्या भिंतीत, फुलांच्या चादरीवर निजलं तरी पहाटे अर्धवट जागेपणी तिला पलंग डुलल्यासारखा वाटायचा, आणि ती हातानं चाचपून बघायची की आपण बांबूच्या भुईवर आहोत का. नसलं की तिला हुरहूर लागायची. पहिल्यांदा ती या नदीवर आली तेव्हा मात्र रडली होती. भुटभुटी नावेच्या टोकाशी औषधांच्या खोक्यावर बसून, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मोकळेपणानं रडली होती. एमबीबीएसच्या पोरी दिल्लीला, वेल्लोरला चालल्या होत्या आणि ही वाळूच्या बेटावर. नाव चालवणारा मागं वळून म्हणाला होता, ''डाक्तर बाइदेउ, रडून घ्या, पाणी वाढलं की लवकर पोचू.'' रडता रडता तिला फस्सकन हसू आलं होतं. तेव्हापासून तिचं रडणं आणि हसणं असं एकाच वाटेनं येतं, कुठलं आधी निघेल याचा नेम नाही.

खांबांवर उभी घरं, घराखाली डुकरं, घरात चूल, चुलीवर टांगलेलं मांस धुरानं काळं पडत चाललेलं. आणि गावाच्या कडेला तसल्याच खांबांवर उभा तिचा दवाखाना, ज्याला जिना म्हणून एक खाचा पाडलेलं लाकूड. पहिल्या दिवशी ती त्यावरून घसरली आणि चिखलात बसली. सगळं गाव बघत होतं. गावबुढा मोहिधर मिली, म्हणजे गावचा मुखिया, तांबडा कोट घालून स्वागताला उभा. तो गंभीरपणे म्हणाला, ''बरं झालं. जिला आमची माती लागते ती टिकते.'' त्याची सून जुनमती, गावातली आरोग्यसेविका, लगेच म्हणाली, ''मागल्या डॉक्टरलाही असंच म्हणाला होतात, बाबा. तो आठव्या दिवशी पळाला.'' ''तो पालथा पडला होता,'' गावबुढा म्हणाला, ''ही बसली.'' निजराला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता. कपडे चिखलात बुडालेले, आणि ही माणसं पडण्याचे प्रकार मोजतायत. पण तो राग फार टिकला नाही. तिथं राग टिकत नाही, हवा ओली आहे. जुनमतीनं तिला नदीवर नेऊन धुऊन काढलं आणि आपला जाड विणीचा मेखला नेसवला, आणि संध्याकाळी तांदळाची बिअर, अपोंग, पुढं ठेवून म्हणाली, ''पी. इथं देवालाही हीच चालते.''

नदी आली ती पुढल्या पावसाळ्यात. पुराची कुणाला भीती नसते तिथं. पूर येतो, घराखालून जातो, माणसं वरून गळ टाकून मासे मारतात. भीती काठ तुटण्याची. धप्प असा आवाज येतो, जसं कुणी मोठं जनावर पाण्यात पडावं, आणि मघाशी जिथं केळी होती तिथं काही नसतं. दिवसभर धप्प, धप्प. पण निजराच्या आठवणीत ते दिवस दुःखाचे म्हणून राहिलेच नाहीत, आणि याची तिला पुष्कळदा लाज वाटली आहे. गाव मोडण्यात इतका उत्साह असू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. माणसं घरांच्या गाठी सोडत होती, पत्रे उतरवत होती, खांब उपटत होती, एकमेकांना शिव्या घालत होती, गात होती. म्हाताऱ्या आपापली चुलीवर टांगायची बांबूची चौकट दुसऱ्या कुणाला उचलू देत नव्हत्या. दवाखाना सगळ्यात शेवटी मोडला. बाळंतपणाचं लोखंडी टेबल चौघांनी उचलून मोठ्या नावेत ठेवलं, आणि ते ठेवतात न ठेवतात तोच जुनमतीनं, जी सकाळपासून पोट घेऊन सगळ्यांवर ओरडत फिरत होती, नावेच्या काठाला हात लावला आणि खाली बसली. ''बाइदेउ, टेबल बांधू नका,'' ती म्हणाली, ''लागणार आहे.''

नाव मध्यावर असताना लुइती जन्मली. वर ताडपत्री, खाली सगळीकडं वाहणारं मातकट पाणी, आणि टेबलाचे चार पाय धरून चार बाप्ये पाठ करून बसलेले, त्यात पोरीचा बापही. गावबुढा डोक्यावर कोट घेऊन नावेच्या टोकाशी नदीला शिव्या देत होता, म्हणजे प्रार्थना करत होता. त्याच्यात आणि नदीत फार फरक राहिलेला नव्हता. निजराच्या हातात ते गरम, निसरडं, संतापलेलं डोकं आलं तेव्हा तिच्या मनात एक विचार आला, आणि तो पुन्हा कधी मनातून गेला नाही: आपण हेच करायचं. जन्मभर हेच करायचं. शरीरातल्या सगळ्या भीतीचं एकदम पाणी होऊन वाहून जावं तसं झालं होतं. पोरगी रडली. नाववाल्यानं इंजिन बंद केलं, कारण त्याला रडणं नीट ऐकायचं होतं. आणि त्या शांततेत, नाव आपोआप वाहत असताना, गावबुढानं आजूबाजूला पाहिलं, काठावरचा एक उरलेला शिमूळ, म्हणजे सावरीचं झाड, आणि दूरची टेकडी यांच्यावर डोळ्यांनी रेघ ओढली आणि म्हणाला, ''अरे! हे तर आपलं अंगण.''

याच माणसानं तिला बुडवलं. निजरा हे त्याच्या तोंडावर म्हणाली होती, आणि तो नाही म्हणाला नव्हता. नव्या वाळूवर गाव वसलं, खांब रोवले, दवाखान्याला तोच खाचांचा जिना लागला, सरकारच्या औषधांची खोकी तिथंच उतरू लागली, मतदानाच्या पेट्यासुद्धा तिथंच आल्या. मग एक दिवस मोजणीवाला साहेब आला. गावबुढानं त्याला चटईवर बसवलं. साहेबानं विचारलं, ढेकियामुख कुठं आहे? गावबुढानं हात लांब करून नदी दाखवली. ''ते काय.''

''तिथं तर पाणी आहे.''

''हो. पाण्याखाली आहे.''

''मग हे काय आहे?''

''इथं? इथं आम्ही बसलोय.''

साहेबानं लिहिलं, गावबुढानं अंगठा उठवला. शिवाय त्याला अपोंग पाजली, बदकाची अंडी बांधून दिली आणि नावेपर्यंत पोचवायला गेला. ''आपल्या हातानं गाव बुडवलं आणि वरून आहेर केला,'' जुनमती म्हणाली ती हे सगळं उघडकीला आल्यावर, निजराचं नाव पात्रतेच्या यादीतून खोडलं गेल्यावर. निजरा तेव्हा जिन्यावर बसली होती. पहिल्या दिवशी घसरली त्याच लाकडावर. पुस्तकं तिनं दिवसा, बायका तपासता तपासता वाचली होती. ओल लागू नये म्हणून ती चुलीवरच्या चौकटीत, मांसाशेजारी ठेवायची, आणि परीक्षेच्या दिवसांत तिला औषधांची नावंसुद्धा धुरकट वासाची वाटायची. परीक्षेत ती वर आली होती. जागा मिळणारच होती. आणि आता एका म्हाताऱ्याच्या लांब केलेल्या हातामुळं ती गेली. ''काका, का बोललात असं?'' तिनं विचारलं. आवाज चढला होता. ''इथं आहे म्हणायला काय झालं होतं?''

गावबुढा खाली मान घालून तामूल कातरत बसला. मग म्हणाला, ''पोरी, नदी घेते तसं देतेही. माझ्या आज्याच्या वेळी घेतलं, बापाच्या वेळी दिलं. पण परत कुणाला देते? जो म्हणत राहतो की ते माझं आहे, त्याला. या वाळूला मी ढेकियामुख म्हणालो तर तिकडचं सुटलं. मी मुखिया आहे. मी सोडायचं?'' त्यावर खरं तर पुष्कळ बोलण्यासारखं होतं, आणि ती बोललीही. दोन दिवस त्याच्या घरी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः मासा भाजून केळीच्या पानात आणला, जिन्याखाली उभा राहिला, वर यायची हिंमत होईना. ''कोर्ट कुठं आहे?'' त्यानं खालूनच विचारलं. ''गाव दाखवायचंच असेल तर घेऊन जाऊ.''

म्हणून ते आले होते. नाव, मग बस, मग पुन्हा बस. काल सांजवेळी राजखोवानं त्या म्हाताऱ्याला घासून घासून पढवलं. ''कोर्टानं विचारलंच तर एवढंच म्हणायचं, नवी जागा म्हणजेच ढेकियामुख. चार शब्द. जमेल?'' गावबुढा म्हणाला, ''नाही.'' ''अहो, डॉक्टर बाइदेउंचं आयुष्य आहे!'' ''तिच्यासाठी मी नदीत उडी मारीन. खोटं नाही बोलणार. खोटं बोललो तर नदीला कळेल.'' राजखोवानं तेव्हा कपाळाला हात लावला होता, ''नदीचं वकीलपत्र कुणी घेतलंय का इथं?'' आणि जुनमती मागून म्हणाली होती, ''समितीनं घेतलंय, दिसत नाही का?''

आणि या सगळ्यात एक काटा होता, तो निजरानं कुणाला दाखवला नव्हता. ही सगळी माणसं दोन दिवसांचा प्रवास करून आली होती ती तिला जायला मिळावं म्हणून. ती जिंकली की ती जाणार. दवाखान्याच्या जिन्यावर दुसरं कुणी घसरेल, पालथं पडेल. हा विचार बसमध्ये तिला इतका टोचला की तिनं जुनमतीला विचारूनच टाकलं, मी गेले तर चालेल तुला? जुनमती खिडकीतून शहर बघत होती. ''न चालायला काय झालं?'' ती म्हणाली. ''सोनमाईला आडवं मूल होतं तेव्हा तू काय केलंस? नावेत घातलंस आणि पलीकडं नेलंस, आणि सगळी वाट तिचा हात धरून माझ्याहून जास्त घाबरलीस. वाचली ती तिच्या नशिबानं. जा, पोट कापायला शिक, आणि ये. शिकल्याशिवाय आलीस तर नाववाल्याला सांगून ठेवते, नावेत घेऊ नको म्हणून.'' मग खिडकीची काच पुसत, ''आणि शिकून आली नाहीस तर आम्ही तिथंही येऊ. बसचा रस्ता आता कळलाय.''

''डॉक्टर?'' न्यायमूर्ती अजून वाट बघत होत्या.

हसू थांबलं होतं, पण त्याची ऊब अंगभर होती, आणि त्या उबेत भीती कुठं सापडेना. निजरा उठली. ''बाइदेउ,'' ती म्हणाली, आणि राजखोवा डोळे मिटून घेताना दिसला, कारण कोर्टात न्यायमूर्तींना असं ताई म्हणत नाहीत, ''माफ करा. ते म्हणतात गाव अस्तित्वात नाही. आणि गावाला भूक लागलीय. मागं बसलंय ते.''

सगळ्या माना मागं वळल्या. गावानं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि मग, आपल्याकडंच बघतायत हे कळल्यावर, सगळं उठून उभं राहिलं. गावबुढानं कोट सारखा केला. न्यायमूर्तींनी त्याला पुढं बोलावलं. समितीचे वकील झटकन म्हणाले, ''हेच ते. यांनीच मोजणीत सांगितलं की गाव नदीत आहे.''

''तुम्ही असं सांगितलंत?''

''सांगितलं, हुजूर.''

''आजही तेच म्हणणं आहे?''

''तेच. टेकडी आणि शिमूळ यांच्या रेषेत, पाण्याखाली.'' राजखोवाच्या हातातलं पेन खाली पडलं.

''मग या डॉक्टर दोन वर्षं कुठं काम करत होत्या?''

''ढेकियामुखात.''

''पण ते पाण्यात आहे म्हणता!''

''जमीन पाण्यात आहे, हुजूर. जमीन थोडीच आजारी पडते? डॉक्टर तर माणसांसाठी पाठवला होता ना?'' त्यानं खरोखरच शंका आल्यासारखं समितीच्या वकिलांकडं पाहिलं. ''का जमिनीसाठी पाठवला होता?''

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायमूर्तींनी ते न ऐकल्यासारखं केलं. समितीचे वकील म्हणाले की भावना समजू शकतात, पण नियमात ठिकाण लागतं, नकाशावर बोट ठेवता येईल असं. आणि तेवढ्यात लुइती, जी एवढा वेळ आईच्या मेखल्याचं टोक चघळत होती आणि जिनं निजराचा आवाज ऐकला होता, ती दोन बाकांमधून सुटली, धावत आली आणि निजराच्या गुडघ्याला मिठी मारून मोठ्यानं म्हणाली, ''घरी चल.''

निजरानं तिला उचललं. वजन चांगलं होतं. हात आपोआप ते वजन जोखतात, तिच्या हातांना ती सवयच. नावेतलं ते डोकं, तो गरम संताप, बंद झालेलं इंजिन, सगळं तळव्यात परत आलं. ''ही माझ्या हातावर जन्मली,'' ती म्हणाली, ''गाव हलत होतं त्या दिवशी. नावेत, सरकारी टेबलावर. जुनं गाव गेलं होतं, नवं वसलं नव्हतं. समितीच्या हिशेबानं त्या दिवशी मी कुठंच नव्हते. मग हिची नाळ मी कुठं कापली? त्यांनी ठेवावं बोट.''

पंखा फिरत होता. समितीच्या वकिलांनी कागद उलटले, पुन्हा सुलटे केले. न्यायमूर्तींनी चष्मा काढून पोरीकडं पाहिलं, पोरीनं न्यायमूर्तींकडं. ''वकीलसाहेब,'' त्या म्हणाल्या, ''प्रश्न सोपा आहे. दोन वर्षं औषधं कुठं पाठवलीत, हे तरी सांगता येईल?'' विचारून सांगतो, ते म्हणाले. ''विचारा. शपथेवर सांगा. तोवर डॉक्टर पात्र धरल्या जातील, उद्या जागा निवडायला बसतील, आणि त्यांनी निवडलेली जागा तुमचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही दिली जाणार नाही.'' मग गावबुढाकडं वळून, ''आणि तुम्ही जेवून घ्या.''

राजखोवा बाहेर आल्यावर व्हरांड्यातच नाचायच्या बेतात होता. ''काका, मी सांगितलेलं एक अक्षर बोलला नाहीत तुम्ही!'' ''म्हणून तर जमलं,'' जुनमती म्हणाली. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टोपली उघडली, केळीच्या पानातला भात निघाला, भाजलेला मासा निघाला, सुकी मासळी निघाली आणि पलीकडचे दोन वकील वासानं उठून गेले. तिसरा मात्र जवळ सरकला आणि जेवायलाच बसला. कुणीतरी बाटलीतून काहीतरी आणलं होतं, त्याला सगळे औषध म्हणत होते. लांब आडवी पसरलेली तीच नदी आवाराबाहेर, रस्त्यापलीकडं वाहत होती, शहरी कपडे घातल्यासारखी. गावबुढा उठून कठड्याशी गेला आणि तिच्याकडं बघत उभा राहिला, व्याह्याकडं बघावं तसा, भांडण आहे पण नातं तोडायचं नाही. निजराच्या पोटात आनंद मावेना. उद्या ती जाईल, शिकेल, आणि कुठल्यातरी पावसाळ्यात पुन्हा नावेत बसेल. तोवर वाळू कुठं सरकली असेल कोण जाणे, पण नाववाल्याला ठाऊक असेल. विचारलं की तो हात लांब करील.

आणि समितीसाहेब, तुमचा हात कुठं आहे? ठेवा नकाशावर. पोरगी इथं गवतात बसलीय, एका हातात मासा, तोंडाला भात, आणि काटा काढून द्या म्हणून आईकडं नाही, तुमच्याकडं बघतेय. तुमच्या टेबलावर, तुमच्या डॉक्टरच्या हातावर जन्मलीय ती. कुठं जन्मली? बोला.